सुकरामचा हूं

“याच्यातून कोनीतरी काही काढून घेतलं आहे,” सुशिलाबाई म्हणाल्या आणि तांदूळ पाखडायचं सूप बाजूला सरकवलं. पाटावरच्या फोनमधून त्यांचाच आवाज राजकन्येची गोष्ट सांगत होता.

“काही नाही काढलं जी, आई. सगळं तुमचंच आहे,” सून चेतना म्हणाली.

“मंग मी अशी धापा टाकत काऊन सांगून राहिली? माह्या मांगं कुत्रं लागलं का?”

चेतना हसली. सुशिलाबाई हसल्या नाहीत. त्यांचा संशय पहिल्यापासून त्या गोंदियाच्या भुपेंद्रवर होता. गेल्या वर्षी सुनेने हौसेने त्यांच्या गोष्टी फोनमध्ये भरून पॉडकास्ट सुरू केला, तेव्हा ऐकणारे म्हणजे त्यांच्या मुर्री गावातली चार घरं आणि कामठ्याची माहेरची मंडळी. मग हा भुपेंद्र उगवला. पॉडकास्टवाल्यांना श्रोते मिळवून देणं आणि मिळालेले टिकवणं, हा म्हणे त्याचा धंदा. श्रोते वाढले, पार नागपूर-पुण्यापर्यंत गेले. “कोन आहेत हे? कोनाच्या घरचे? कधी च्या प्यायले आले का आपल्याकडं?” सुशिलाबाई विचारत. न दिसणाऱ्या माणसांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांना सारखं वाटायचं.

स्वतःच्या गोष्टी त्या कधी ऐकत नसत. आपलाच आवाज काय ऐकायचा! आज बसल्या त्याचं कारण त्यांनी सुनेलाही सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर सुकराम, त्यांचा नवरा, गेला. या गोष्टी भरल्या तेव्हा तो शेजारीच बसलेला असायचा. त्यांच्या भागात गोष्ट सांगायची तर कुणीतरी ‘हूं’ द्यावाच लागतो. हूं आला नाही तर सांगणारा पुढे सरकत नाही. लग्न झाल्यापासून सुशिलाबाईंच्या प्रत्येक गोष्टीला हूं सुकरामचाच. तेवढा एकदा ऐकायचा होता. नाहीतर राजकन्येशी त्यांना काय देणंघेणं?

“यांचा हूं कुठं आहे?” त्यांनी शेवटी विचारलंच.

चेतनाचा चेहरा उतरला. तिने फोन करून भुपेंद्रला बोलावून घेतलं.

तो आला तो फोनवरचा श्रोत्यांचा आलेख दाखवतच. “मावशी, ये देखो. पहले लोग आधे में भाग जाते थे. मंग मी सगळे गॅप काटले, तो हूं-हूंचा आवाज साफ केला. आता लोकं लास्टपर्यंत ऐकून राहिले.”

“हूं काटला?”

“नॉइज था ना, मावशी.”

“तो माहा नवरा होता, बाबू.”

भुपेंद्रने फोन हळूच खाली ठेवला. मूळ गोष्टी कुणाकडेच नव्हत्या. फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून चेतनाने त्या पुसल्या होत्या, आणि साफ केल्यावर भुपेंद्रनेही ठेवल्या नव्हत्या. “मीच म्हटलं होतं जी, आई, साफ करून द्या म्हनून,” चेतना रडवेली होऊन म्हणाली. सुशिलाबाईंना राग यायला हवा होता. इतके दिवस ज्याच्यावर डोळा ठेवला तो चोर आयताच समोर बसला होता. पण त्यांनी एवढंच विचारलं, “एकही हूं नाही उरला का?”

भुपेंद्र कानाला हेडफोन लावून ओसरीवर बसला आणि एकेक गोष्ट तपासू लागला. सुशिलाबाई त्याच्या हातांवरून नजर काढेनात. हा कुणाचाही आवाज आणून चिकटवेल, ही शंका होतीच.

उन्हं उतरल्यावर तो म्हणाला, “एक आहे, मावशी. तुमच्या बोलण्यावरच चढला आहे. काटला असता तर तुमचा शब्दही गेला असता.”

‘राजा उठला अन् घोड्यावर...’ फोन म्हणाला, आणि त्या घोड्यावरच एक घोगरा, अर्धवट झोपेतला हूं आला.

शंकेला जागाच नव्हती. झोप यायला लागली की सुकराम असाच घाई करायचा. मग त्या डाफरायच्या, “मधातच कायले हूं म्हनता जी? आयका ना नीट!” नीट दिलेले सगळे गेले होते. चुकून दिलेला तेवढा राहिला होता.

“पुन्हा लाव,” त्या म्हणाल्या.

त्याने लावलं. हूं आला तसा त्यांनी हात वर केला आणि त्याने फोन थांबवला. सुशिलाबाईंनी पदर सावरला आणि तिथून पुढे स्वतःच्या तोंडाने, सावकाश सुरुवात केली, “घोड्यावर बसला, अन् जंगलात गेला.”

आणि त्या थांबल्या. चेतनाच्या ओठांपर्यंत हूं आला होता, पण ती जागा सासऱ्यांची होती; तिने तो दिला नाही.