अहोंची पाटी

सभागृहात पाटीवरचं कापड बाजूला झालं आणि कुंदाताईंनी ती पुन्हा एकदा वाचली. पाटीवर ‘जयंत’ हे नावच नव्हतं. होतं ते ‘म्सिए अहो’. म्हणजे श्रीयुत अहो!

पाटी फ्रान्समधल्या सँ-ओर्बांची, जर्मनीत आखनजवळच्या कुंदाताईंच्या खेड्याशी मैत्रीचा करार केलेल्या जोडगावची. गाव बघाल तर एक चर्च, एक बेकरी आणि सफरचंदाच्या बागा. पण आपल्या नामवंतांचा तोरा असा, की पॅरिसने गुमान बाजूला व्हावं. चौकातल्या भिंतीवर एक सुईण, एक सायकलपटू आणि नासपतीची नवी जात काढणारे पाद्रीबुवा आधीच विराजमान होते. आता त्यांच्या शेजारी जयंतराव बसणार होते. दर शरदात कुंदाताईंसह जोडगावच्या बसने जाऊन, सफरचंदांचा रस काढायचा तिथला मोडका घाणा त्यांनी स्वतः खपून चालू केला होता. मागच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांचं नाव कुठेतरी राहावं, एवढीच आता कुंदाताईंची इच्छा होती. आणि ते असं!

“दास गेट निश्ट, आई, हे चालायचं नाही,” शमिका म्हणाली. “पपांचं नाव चुकलंय. उद्या ही भिंतीवर लागेल. आत्ताच बदलायला सांग.”

तिनेच मग ते जर्मनमध्ये सांगितलं, तेव्हा पाटी घेऊन आलेल्या सँ-ओर्बांच्या सरपंचबाई गोंधळल्या. “पण आल्झो, म्हणजे, तुम्हीच तर ही हाक मारायचात,” त्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाल्या. “जेवण तयार झालं की घाण्याच्या दारात उभ्या राहून. मग तेलकट हातांनी ते बाहेर यायचे. घाणा अडला की आमची पोरं अजून ‘आओ, आओ’ ओरडतात.”

कुंदाताईंना हसू फुटलं आणि डोळेही भरले. उभ्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ते गेले आणि ती हाकही घरातून गेली, तोंडाशी येऊन परत फिरायची. आणि तिकडे परक्यांच्या अख्ख्या गावाने ती जपली होती! यांचे उपकार कसे फेडायचे, त्यांना कळेना.

“बदलू नका,” त्या म्हणाल्या. “फक्त नीट म्हणा. आओ नाही, अहो. तो ‘ह’ गिळू नका.”

शमिकाने मुकाट्याने ते जर्मनमध्ये सांगितलं. सरपंचबाईंनी दीर्घ श्वास घेतला, मागे बसलेल्या आपल्या गावकऱ्यांना खूण केली, आणि सगळ्यांनी एकदम हाक मारली, “अहो!”

ओ द्यायला जयंतराव नव्हते.

“ओ,” कुंदाताई म्हणाल्या.