धुराड्याचा झेंडा

"धुराडं काढायचं म्हणजे नेमकं काय काढायचं?" डेस ट्रेवार्थानं विचारलं, आणि नगरसभेत बसलेले सगळे आपापल्या कपात बघू लागले.

महापौर र्‍होंडा केसलिंगनं नवा झेंडा भिंतीवर लावला होता. निळी खाडी, पांढरी वाळू आणि मधोमध उगवता सूर्य. जुन्या झेंड्यावर सूर्याच्या जागी शिसं वितळवणाऱ्या कारखान्याचं धुराडं होतं. ते चित्र डेसनंच काढलेलं. गावाला शंभर वर्षं झाली तेव्हा झेंड्याची स्पर्धा ठेवली होती, आणि डेस त्या वेळी कारखान्यात पाट्या रंगवायचा. त्यानं धूर सरळ वर जाताना दाखवला होता. समितीनं सुचवलं, जरा डौलात वळवा, गाव नांदतं दिसेल. त्यानं वळवला. पहिला झेंडा त्याच्या बायकोनं, कॉलीननं, घरच्या मशीनवर शिवला. तेव्हा तिला दिवस गेले होते.

मुलगा झाला, नेव्हिल. तो बोलायला फार उशिरा लागला, वाचायला कधीच नाही. मग ॲडलेडहून डॉक्टर आले, त्यांनी गावातल्या मुलांचं रक्त तपासलं आणि त्यात शिसं असल्याचं सांगितलं. कारखान्याच्या माणसांनी कॉलीनला बजावलं, मुलाचे हात धूत जा, घरातली धूळ पुसत जा. ती आयुष्यभर पुसत राहिली. आपलंच पुसणं कमी पडलं, या समजुतीतच ती गेली. डेसला नोकरी सोडता आली नाही, गावात दुसरं काम होतंच कुठे? रोज फाटकावरच्या आपल्याच झेंड्याखालून तो मान खाली घालून आत जायचा.

आता कारखाना बंद पडला होता. धुराडं सुरुंग लावून पाडलं होतं आणि किनाऱ्यावरच्या घरांना शहरातून गिऱ्हाइकं येऊ लागली होती.

"पण तुम्हाला तर तो झेंडा कधीच आवडला नाही, डेस," र्‍होंडा समजुतीच्या सुरात म्हणाली. "लाज वाटते, असं तुम्हीच म्हणायचात."

"वाटतेच. म्हणून तर राहू दे म्हणतोय." डेसचा आवाज चढला नाही. "माझ्या पोराच्या हाडात मुरलंय ते, र्‍होंडा. तिथून आधी काढून दाखवा, मग झेंड्यावरचं काढा."

मागून बेकरीवाला शिर्मर पुटपुटला, की नव्या लोकांना रोज सकाळी शिसं कशाला दाखवायचं. मग मतं घेतली. डेसच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. ज्यांच्या घरात नेव्हिलसारखीच मुलं होती, त्यांनीही केला नाही. घरं त्यांनाही विकायची होती.

ज्यानं झेंडा केला त्यानंच तो उतरवावा, असं र्‍होंडानं सुचवलं. मानाखातर की फोटोखातर, ते तिचं तिलाच ठाऊक. डेस हो म्हणाला याचंच गावाला नवल वाटलं.

शनिवारी सकाळी नगरसभेसमोर सॉसेज भाजली जात होती, शाळेचा बँड आला होता. डेस कोट घालून आला. पन्नाशी उलटलेला नेव्हिल त्याची बाही धरून उभा होता. डेसनं दोरी सावकाश सोडली, झेंडा जमिनीला टेकू न देता हातावर घेतला आणि नीट घडी घातली. संग्रहालयात काचेची पेटी तयार होती, म्हणून र्‍होंडानं हात पुढे केला. डेसनं घडी नेव्हिलच्या हातात दिली. तिनं नवा झेंडा पुढे केला, तेव्हा डेसनं मोकळी दोरी खुंटीला गुंडाळली आणि नेव्हिलला घेऊन तो पायऱ्या उतरून चालू लागला.

कुणी अडवलं नाही. थोड्या वेळानं पाठीमागे टाळ्या वाजल्या, बँड सुरू झाला.

बेकरीच्या कोपऱ्यावर नेव्हिल थांबला. घडी त्यानं छातीशी घट्ट धरली होती.

"बाबा, हा आता आपला?"

"हो रे. आता फक्त आपलाच."

नेव्हिलला फार आनंद झाला.