चारशे बाराव्या पायरीपासून

"यावर तुम्ही कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवलात तर मला तुमच्याच डोक्याची काळजी वाटेल," असं म्हणून लेस्टर हौगनने रिकामा मग पुढे सरकवला.

धान्य-सोसायटीच्या कँटीनमधलं ते नेहमीचं टेबल. कॉफी ओतायला उठली ती छापखानेवाली ट्वायला ब्रेके. "नाहीच ठेवणार," ती म्हणाली, "पण सांगा. बाहेर बर्फ आहे आणि मला जायचं कुठे नाहीये."

मग लेस्टरने सांगितलं ते असं.

मका वाळवायची यंत्रं बनवणारा आपला कारखाना. त्या यंत्राबरोबर जी जाडजूड पुस्तिका जाते, ती लिहिणारी बाई म्हणजे आर्डिस टोरविक. तीन टेबलांची खोली, त्यात तिचं राज्य. वीस वर्षं तिने पायऱ्यांचे आकडे हाताने टाकले. मध्ये एक पायरी घुसवायची म्हटली की पुढच्या साठांचे आकडे बदला, शिवाय 'पायरी ३१ पाहा' असं जिथे जिथे लिहिलंय तिथे शोधत फिरा. एखादा राहिला, तर गेली शेतकऱ्याची बोटं पंख्यात. म्हणून कॉम्प्युटरमध्ये आकडे आपोआप टाकणारा साचा तिने स्वतः बसवला, तेव्हा बाईला आकाश ठेंगणं झालं. दिसेल त्याला धरून दाखवायची. "हे बघा, मध्ये एक पायरी घातली. बघितलंत? खालच्या सगळ्या आपोआप सरकल्या!"

इतकंच करून थांबली असती तरी चाललं असतं. पण तो साचा तिने गावभर वाटला. अग्निशमन दलाला दिला, हॉकी क्लबला दिला, चर्चच्या स्वयंपाकघरालाही दिला. सगळ्यांच्या फाइली कारखान्याच्याच कॉम्प्युटरवर, एकाच फोल्डरच्या कपाटात एकीला एक चिकटून.

साच्याला खोड एकच. यादीच्या मध्ये चित्र आलं की आकडा बिचकायचा आणि पुन्हा एकपासून सुरू व्हायचा. मार्चमधल्या एका सोमवारी सहाव्या पायरीखाली बर्नरचं चित्र टाकलं, तर त्याखाली परत 'पायरी १'! आर्डिसचं टाळकं सटकलं. तेवढ्या यादीपुरतं दुरुस्त करायचं सोडून ती थेट साच्याच्या मुळाशी गेली आणि खूण करून आली: मागच्या यादीपुढे चालू ठेवा.

कुठल्या मागच्या यादीपुढे, ते काही तिने सांगितलं नाही.

गुरुवारी चाचणी होती. कारखान्याचे नवे साहेब मिस्टर केसल यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "ज्याने हे यंत्र जन्मात पाहिलेलं नाही, त्याने निव्वळ पुस्तिका वाचून ते पेटवलं पाहिजे. वाचणारा थांबला की चाचणी संपली. मग हे लिहिण्याचं काम ओहायोतल्या कंपनीला आणि ही खोली सामान ठेवायला." आर्डिसला निवृत्तीला चार वर्षं होती, आणि घरी आजारी नवरा.

वाचायला आणला एमेट व्होस्लरला. शेतकरी माणूस, अबोल, आणि डाव्या डोळ्यावर भुवई नाही. जुन्या मॉडेलच्या वेळी त्याने एक पायरी गाळली होती, तेव्हाच्या भडक्यात ती जी गेली ती गेलीच.

एमेटने पुस्तिका उघडली. पहिल्या पानावर लाल चौकटीत आर्डिसनेच लिहिलं होतं: पायऱ्या क्रमाने करा. एकही वगळू नका. त्याने मान डोलावली, पान उलटलं आणि तो तसाच उभा राहिला.

"काय झालं?" केसलसाहेबांनी घड्याळ वर धरलं.

"चारशे बारा," एमेट म्हणाला.

"काय चारशे बारा?"

"पहिली पायरी. चारशे बारावी आहे."

आर्डिसने पुस्तिका हिसकावून घेतली. पायरी ४१२: गॅसची मुख्य झडप बंद असल्याची खात्री करा. कालपर्यंत पडद्यावर तिथे साधा, सरळ एक होता. छापायला सोडलं की आकडे ताजे होतात, हे तिला ठाऊक होतं. इतके ताजे होतील हे नव्हतं.

"एमेट, अहो, आकड्याकडे नका बघू. इथूनच सुरू करा."

"आधीच्या चारशे अकरा कुठायत?"

"नाहीयेत हो!"

"बाई, मला आता एकच भुवई उरलीय."

केसलसाहेब घड्याळाचं बटण दाबणार, एवढ्यात आर्डिसला कपाट आठवलं. धावत जाऊन तिने फाइली उघडल्या. अग्निशमन दलाचे पाण्याचे पाइप धुणे आणि वाळवणे: एक ते अठ्ठ्याऐंशी. चर्चमध्ये तीनशे माणसांची कॉफी करणे: एकोणनव्वद ते दोनशे दोन. हॉकीचं मैदान गोठवणे: तीनशे तीसपर्यंत. आणि शेवटी चर्चच्या तळघरातल्या जेवणाचा हॉटडिश, म्हणजे मांस-भाज्यांवर बटाटे रचून भट्टीत भाजलेला पदार्थ: तीनशे एकतीस ते चारशे अकरा. साखळीत एकही कडी निखळलेली नव्हती!

"सापडल्या," ती बाहेर येऊन म्हणाली.

"मग चला," म्हणत एमेटने टोपी चढवली.

आणि मंडळी, त्याने त्या केल्या! अठ्ठ्याऐंशी पायऱ्यांत त्याने अग्निशमन दलाचे सगळे पाइप धुतले. जवान तोंड वासून बघत राहिले. चर्चमध्ये तीनशे माणसांची कॉफी केली, तीही प्यायला एक पाद्री आणि एक पियानो दुरुस्त करणारा एवढेच असताना. केसलसाहेब घड्याळ घेऊन मागे, आर्डिस त्यांच्या मागे, आणि प्रत्येक पायरीला तिचा जीव टांगणीला.

हॉकीच्या मैदानावर तर संपलंच होतं. दोनशे सत्तरावी पायरी होती: पाण्याचा पातळ थर द्या आणि गोठेपर्यंत थांबा. एमेट पाइप टाकून हाताची घडी घालून उभा राहिला.

"थांबला!" केसलसाहेब ओरडले. "वाचणारा थांबला!"

"थांबणं हीच पायरी आहे!" आर्डिस त्यांच्यावर किंचाळली. आयुष्यात कधी कुणावर आवाज न चढवलेली बाई! तिचं तिलाच इतकं दचकायला झालं की बर्फावर घसरून ती गोलपर्यंत गेली. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मुकाट्याने घड्याळ खाली केलं.

शुक्रवारी दुपारी चर्चच्या तळघरात एमेटने भट्टीतून हॉटडिश काढला. वर बटाट्याचे तुकडे कसे, तर संचलनाला उभे केल्यासारखे. चारशे अकरावी पायरी: पाहुण्यांना आधी वाढा. त्याने साहेबांना वाढलं. साहेबांनी एक घास घेतला, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"माझी आई असाच करायची," ते म्हणाले. "कुणी लिहिलंय हे?"

सगळे आर्डिसकडे वळले, तर तिची खुर्ची रिकामी.

मग सगळे कारखान्यात परतले, तर आर्डिस पुस्तिका घेऊन तिथे उभी. एमेटने यंत्रासमोर पुस्तिका उघडली. आर्डिसने डोळे मिटून घेतले. आणि मंडळी, आता ऐका. आधीच्या चारशे अकरा करून संपल्या होत्या ना? पुढे कुणी उरलंच नाही म्हटल्यावर आकड्यांनी काय करावं? ते सरकले! छापलेल्या कागदावर, सगळ्यांच्या देखत, चारशे बाराचा झाला एक, चारशे तेराचा झाला दोन, सुरसुर सुरसुर करत थेट शेवटच्या पानापर्यंत! एमेटने पहिल्या पायरीपासून सुरुवात केली, यंत्र धडधडून पेटलं, खोली वाचली, आणि आजतागायत त्या साच्याने…

"खोटं!" ट्वायलाने कॉफीचं भांडं टेबलावर आदळलं. "कागदावरचा आकडा कधी सरकलाय का, लेस्टर? तुम्ही सगळे तळघरात हॉटडिश चापत होतात, तेव्हा आर्डिस माझ्या छापखान्यात बसली होती. दोनशे चौदा पांढऱ्या चिकटपट्ट्या मी माझ्या हातांनी कापून दिल्या तिला, आणि एकूण एक आकडा तिने पेनाने लिहून पुस्तिकेत चिकटवला!"