मोठ्यानं बोल

माजी सैनिकांच्या कचेरीतल्या साहेबांनी आमच्या ह्यांचा, दोकबे यांचा, कान गेल्याच्या भरपाईचा अर्ज तिसऱ्यांदा परत केला.

“आजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुणाचे कान शाबूत असतात? तोफखान्यातच गेले म्हणता, तर त्या वेळचा पुरावा आणा.”

“तरुणपणीही हाकेला ओ देत नसत, साहेब. मी तो माज समजत आले.”

शेजारी बसून हे हसत होते. त्यांना वाटलं, काम झालं.

घरी येऊन पेटी उपसली. लग्नानंतर सहा महिन्यांत ह्यांना फौजेत जावं लागलं. तिथून माझ्या नावे आलेलं एकच पत्र. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. सासऱ्यांनी अंगणात वाचून दाखवलं होतं: सुखरूप आहे, पोटभर भात मिळतो, आईबाबांना जप.

गेले दोन हिवाळे गावच्या सभागृहात आम्ही सात म्हाताऱ्या अक्षरं गिरवत होतो. आता बोट ठेवून मीच वाचू लागले. सुखरूप होतं, भात होता. मग सासऱ्यांनी न वाचलेलं आलं.

“बुन्नम, तोफेजवळ डाव्या कानातून रक्त आलं. दोन्ही कानांत किडे किरकिरतात, थांबतच नाहीत. आईला कळू देऊ नकोस. परत आलो की मोठ्यानं बोल. उत्तर दिलं नाही तर रागावलोय समजू नकोस.”

अंगणात सासऱ्यांनी पत्र वाचलं तेव्हा सासूबाई शेजारीच शेंगा सोलत होत्या. सासरे तेवढं गाळून पुढे गेले. नंतरही मला ते सांगितलं नाही.

पाकिटावर लष्करी टपालाचा तारखेसकट शिक्का होता. वसंतात मंजुरी आली. कानयंत्रही मिळणार होतं. पण डॉक्टर म्हणाले, आता आत काही उरलेलं नाही, यंत्राचा उपयोग व्हायचा नाही.

मी वहीत लिहिलं, “अहो, परत आल्यावर तोंडानं का नाही सांगितलंत?”

ह्यांनी वाचलं. “पत्रात लिहिलं होतं की.” वही माझ्याकडे सरकवत म्हणाले, “मला वाटायचं, तुला ठाऊक आहे. तरी हळूच बोलतेस. म्हणजे माझ्याशी बोलायचंच नाही तुला.”

मी पेन्सिल धरली. अंगण, सासरे, सासूबाई, सगळं लिहायचं होतं. सात जणींत माझाच हात मंद. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत हे उठून लसूण उपटायला निघून गेले होते.