नकाशावरचा करडा पट्टा

एल्क हरणांच्या शिकारीची आपली जागा ऑरिन हॅस्केलनं चाळीस वर्षांत कुणाला म्हणून सांगितली नव्हती. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या त्या डोंगरी गावात असली जागा सख्ख्या पोरीलाही सांगत नसत. सोडतीत शिकारीचा परवाना निघाला, की शेजारच्या लमाँटला चकवायला आधी उलट्या दिशेनं निघायचं, मग हळूच वळायचं.

आणि आता तीच पोरगी, विला, वन खात्यात शास्त्रज्ञ झाली होती. एल्क कुठे चरतात ते उपग्रहाच्या चित्रांवरून घरबसल्या शोधायची. डोंगरातून नवा रस्ता जायचा होता. ती दाखवेल ते कुरण वाचणार होतं. शुक्रवारच्या गावसभेत निकाल होता, आणि गुरुवारी सकाळी तिनं मोठ्या हौसेनं ते चित्र बापापुढे ठेवलं. जितकं गर्द हिरवं, तितका चारा जास्त, हे तिचं गणित. सगळ्यात हिरव्या ठिपक्याभोवती तिनं गोल काढला होता. रस्ता शेजारच्या करड्या पट्ट्यातून जाणार होता.

ऑरिननं चित्र जवळ ओढून पाहिलं. तो करडा पट्टा म्हणजे त्याची जागा.

कॉफी गार होत चालली. बोलावं तर गुपित गेलं, न बोलावं तर कुरणच गेलं. शिवाय पोरगी उद्या तोंडघशी पडेल ते वेगळंच. शेवटी तो भडकलाच, पण पोरीवर नव्हे, त्या आकाशातल्या यंत्रावर.

"तुझ्या उपग्रहाला चव कळते का गं? ते हिरवं सगळं विषारी पानांचं रान आहे. एल्क तोंड लावत नाही त्याला. चल, घोड्यांवर खोगीर टाक."

दुपारी ते वर पोचले. जुन्या वणव्यातले जळके बुंधे अजून दाटीनं उभे होते. वरून तेवढेच दिसत, म्हणून चित्र करडं. खाली मात्र कमरेएवढं गवत, खुडलेले कोवळे शेंडे, ताज्या लेंड्या. आणि पलीकडे साठेक माद्या, पिल्लांसकट, निवांत चरत होत्या. विला खुडलेले शेंडे मोजायला बसली आणि मोजता मोजता रडायलाच लागली.

"बाबा, एवढी वर्षं हे माझ्यापासून लपवलंत?"

"तुझ्या आईपासूनसुद्धा," तो म्हणाला. त्याला फार फार बरं वाटत होतं.

शुक्रवारी विलानं नवा गोल पडद्यावर दाखवला. ऑरिन मान खाली घालून बसला होता. मग लमाँट ताडकन उठला.

"विला, माझी जागा तुला कुणी सांगितली?"

"तुझी कुठली?" पोस्टातली बर्निस मागून म्हणाली. "माझी आहे ती."

मग आणखी चौघं उठले. अख्खं गाव इतकी वर्षं एकमेकांना चकवून, आपापल्या परवान्याच्या साली, त्याच कुरणात पोचत होतं. ऑरिन आधी चिडला, मग हसून हसून त्याचं पोट दुखायला लागलं. रस्ता दुसरीकडून न्यायच्या ठरावाला झाडून सगळ्यांनी हात वर केले.

बाहेर पडताना लमाँटनं विचारलं, यंदा तुझा परवाना निघालाय म्हणे, कुठे जाणार?

ऑरिननं सवयीनं उलट्या दिशेला बोट दाखवलं.