कानबाई उठवली

शहाद्याच्या अलीकडची ती सूतगिरणी कुठेही जाणार नव्हती. पण हे तिघांनाच माहीत होतं: मालक नवनीतशेठ, त्यांचे मुंबईचे कर-सल्लागार आणि गिरणीचा व्यवस्थापक हेमकांत. बाकी सगळ्या जगाने ती जाणार असं मानायचं होतं, आणि जगाला तसं मानायला लावणं हे हेमकांतचं काम होतं.

भानगड साधी होती. गिरणी उभी राहिली तेव्हा मागास जिल्हा म्हणून सरकारने सवलती दिल्या होत्या. राज्याच्या वाट्याचा जीएसटी परत मिळायचा, विजेवरचं शुल्क माफ होतं. त्याची मुदत संपत आली. शेठांनी वाढवून मागितली, तर कोणी दाद देईना. तेव्हा सल्लागार म्हणाले, "पंगतीत गप्प बसलेल्याला कोणी आग्रह करतं का? तुम्ही पानावरून उठायला लागा. मग बघा, हात धरून बसवतात की नाही."

शेठ उठायला लागले. ते तापीकाठच्या गुजर घराण्यातले, निम्मे सोयरे हद्दीपलीकडचे, गुजरातेतले. निझरच्या पुढे जमीन मिळायला वेळ लागला नाही. भूमिपूजन झालं, फोटो छापून आले. जुनी यंत्रं ट्रकवर चढवून रवाना केली. मग मुंबईहून एक अधिकारी खरं-खोटं बघायला आला.

तो गेटवर चहा प्यायला आणि त्याने कामगारांना विचारलं, "गिरणी जाणार म्हणतात?" कामगार हसले. "कोठली जास, साहेब! मशिनं दुरुस्तीले जातस आनि येतस." अधिकारीही हसला आणि गाडीत बसून निघून गेला. संध्याकाळी शेठांनी हेमकांतला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. "तुझी माणसं हसतात रे. रडायला पाहिजेत."

हेमकांत काही दुष्ट माणूस नव्हता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे शेठांना दिसावं एवढीच त्याची हौस होती. ती मात्र दांडगी होती. रात्रभर विचार करून त्याने सकाळी शेठांना उपाय सांगितला. यंत्रं हलली तर कोणी मानणार नाही. कानबाई हलली तर सगळे मानतील.

गेटच्या आत लिंबाखाली छोटं देऊळ होतं आणि त्यात कानबाईचा नारळ. खानदेशात ही देवी नारळाच्या रूपातच पुजतात. गिरणी सुरू झाली त्या वर्षी कामगारांनीच बसवलेला. श्रावणात कानबाईचा सण आला की प्रत्येकाच्या घरून मूठभर गहू यायचे, ते एकत्र दळून रोट व्हायचे. ज्याचे गहू, त्याला रोट. खानदेशात हा रोट घरच्या माणसांचाच. परक्याला तुकडासुद्धा मिळत नाही. गिरणीत मात्र पाटील, कोळी, भिल्ल सगळे एका दळणातले. शेठसुद्धा मूठ पाठवायचे.

देवीचं सगळं बघायची छबूबाई. ती गिरणीच्या कँटीनमध्ये कामाला होती आणि हेमकांतची थोरली बहीण होती. नवरा गेल्यावर त्यानेच तिला चिकटवून घेतलं होतं. तिची एकुलती एक पोर काजल. काजलचा साखरपुडा हेमकांतनेच जमवलेला, गिरणीतल्याच भाग्येशशी. पोरगा निर्व्यसनी, नोकरी कायम, घर चालत जाण्याइतकं जवळ. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लग्न होतं. काजलने तर आखाजीच्या झोक्यासाठी नवा दोर आणून ठेवला होता.

आता नारळ उचलायचा तर तो छबूबाईच्याच हातून. दुसऱ्या कोणी हात लावला असता तर गेटवर मारामारी झाली असती. हेमकांत कँटीनमध्ये गेला.

"जिजी, शेठ म्हनतस, देवी पहिले नवी जागावर जावाले पाहिजे."

छबूबाईने हातातली कणीक परातीत टाकली. "म्हंजे खरंच जाई ऱ्हायनी गिरणी?"

"हां."

"भाऊ, मन्ही पोरनं लगीन शे. माले तरी खरं सांग."

इथे हेमकांतला सांगता आलं असतं. कँटीनमध्ये दुसरं कोणी नव्हतं. पण जिजीच्या पोटात काही राहत नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि दोन महिन्यांत सगळं पहिल्यासारखं होईल, तेव्हा हसत हसत सांगू, असाही त्याचा हिशेब होता.

"खरंच सांगी ऱ्हायनू, जिजी," तो म्हणाला.

तिने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि नारळ उचलला. बाया रडत तिच्यामागे गेटपर्यंत आल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. जीप निघाली तेव्हा छबूबाई नारळ मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली होती आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. योगायोग म्हणजे तो अधिकारी त्याच दिवशी पुन्हा आला. योगायोग अर्थातच हेमकांतने घडवला होता. या खेपेला कोणी हसलं नाही. अधिकाऱ्याने चहाही घेतला नाही.

त्या आठवड्यात गिरणीतली माणसं पांगायला लागली. कोणी अंकलेश्वरला चिकटला, कोणी सुरतला, कोणी बायकोच्या गावी केळीच्या बागेत. छबूबाई भाग्येशच्या घरी गेली आणि साखरपुड्याची साडी परत करून आली. बेकार होणाऱ्या पोराच्या गळ्यात बिनबापाची पोर कशी बांधणार? भाग्येशचा बाप बोलायचं ते बोलला. काजलने दोर घडी करून माळ्यावर टाकला आणि दोन दिवस जेवली नाही. हेमकांतला हे त्याची बायको प्रतिभा हिने सांगितलं. तरी त्याने खरं काय ते सांगितलं नाही, कारण फाइल तेव्हा नेमकी मंत्रालयात हलत होती.

वैशाख संपता संपता आदेश निघाला. सवलत वाढवून मिळाली. शेठांनी पेढे वाटले, भाषण केलं, या मातीला सोडून आपण जाणार नाही म्हणाले. टाळ्या बेताच्याच पडल्या, कारण टाळ्या वाजवायला निम्मी माणसं उरली नव्हती. आणि आदेशात अट होती: जेवढे स्थानिक कामगार होते तेवढे कायम ठेवले पाहिजेत, नाहीतर सवलत रद्द. शेठांनी हेमकांतकडे पाहिलं. "आण त्यांना परत."

हेमकांतने पहिला फोन सुरतला, भाग्येशला लावला. त्यात नोकरीची गोष्ट होती तशी काजलचीही होती. भाग्येश नीट बोलला, रागावला नाही.

"मामा, आठे बरं शे. आठली गिरणी कोठे जाई नही ऱ्हायनी."

"आरे, आम्हनीबी नही जाई ऱ्हायनी. ते सगळं दाखाडाकरता व्हतं."

मग भाग्येश म्हणाला, "मन्हं लगीन हुई गये, मामा. आखाजीलेच." आणि फोन ठेवला.

ते सगळं दाखवण्याकरता होतं, ही गोष्ट मग सुरतहून शहाद्याला यायला एक दिवस लागला. छबूबाई भावाकडे भांडायला आली नाही. हेमकांत तिची वाट बघत होता. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

माणसं हळूहळू जमली. काही जुनी, बरीच नवी. नारळही वाजतगाजत परत आला. देवळाला शेठांनी नवा रंग दिला. ते खूश होते. एकदा हेमकांतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय डोकं चाललं रे तुझं! पुढच्या मुदतीला काय हलवायचं, तेही आतापासून बघून ठेव." हेमकांत हसला. दुसरं काय करणार?

श्रावण आला. कानबाईचा सण रविवारी होता. दरवर्षी गव्हाची पहिली मूठ छबूबाई भावाच्या घरून न्यायची, मगच बाकीच्यांकडे जायची. प्रतिभाने गहू निवडून ताटात ठेवले. शुक्रवार गेला, शनिवार गेला. छबूबाई गल्लीतून दोनदा गेली, शेजारच्या दगूबाईकडचे गहू घेतले, आणि यांच्या दाराशी थांबली नाही.

रविवारी सकाळी हेमकांत गहू पिशवीत घालून स्वतःच निघाला. देवळापुढे चुली पेटल्या होत्या. बाया रोट भाजत होत्या, काजल खाली मान घालून पीठ मळत होती. तिने वर पाहिलं नाही. त्याने पिशवी बहिणीपुढे धरली.

"जिजी, मन्ही मूठ."

छबूबाईने पिशवी घेतली नाही. कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि कँटीनमध्ये मुंबईच्या पाहुण्यांना चहा देताना ती जशी बोलायची, तशा शाळेतल्या मराठीत, अगदी आदराने म्हणाली,

"दळण कालच झालं, साहेब. तुम्ही बसा ना. तुमच्यासाठी कँटीनमधून नाश्ता मागवते."