गॅरेटचे बूट

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. वाण्याच्या दुकानातला नव्हे हं, कुस्तीच्या खोलीतला. अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका शाळेत, गाद्यांच्या कडेला माझं आयुष्य गेलं. खाली लोखंडी पाटा, वर दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. नवा होतो तेव्हा माझं पितळ असं लखलखायचं की पोरं त्यात बघून केस सारखे करायची. मी मात्र कुणाची भीड ठेवली नाही. गडी जास्त भरला की माझी दांडी खट्‌कन वर आपटायची. मग पोरं मला लाथा घालायची. घाला बापड्यांनो!

डुकरं पाळणाऱ्या हॅल्वर्सनची दोन पोरं माझी फार लाडकी. थोरला गॅरेट, त्याचं शाळेचं शेवटचं वर्ष. धाकटा टोबी, नुकताच संघात आलेला. दोघं अगदी सारख्या वजनाचे, आणि स्पर्धेत एका वजनगटात शाळेचा एकच गडी उतरतो. म्हणजे एकाने बाहेर बसायचं. त्यांचा बाप सराव बघायला आला तेव्हा म्हणाला, "दोघांना एकाच दिवशी खेळताना बघायचंय मला. मग मी सुखी."

"मग मी खालच्या वजनगटात उतरतो," गॅरेट म्हणाला. "टोबीची जागा टोबीला राहू दे."

कोचने त्याच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात गडी!"

त्या दिवसापासून गॅरेटचं खाणं सुटलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणानंतर सरावाला आल्यावर टोबी त्याला सगळ्यांसमोर चिडवत होता, "आईने एवढी टर्की भाजली, आणि हा शहाणा बर्फ चोखत बसला! भोपळ्याच्या गोड पाईचा नुसता वास घेतला!" सगळी पोरं हसली. गॅरेटही हसला, आणि हसताना त्याचा ओठ फाटून रक्त आलं. ते पुसून तो पुन्हा दोरीवरच्या उड्या मारू लागला.

स्पर्धेच्या सकाळी तो माझ्यावर चढला. दांडी वर आपटली. थोडंसंच जास्त होतं.

"घाम गाळ अजून," कोच म्हणाला.

गॅरेट रबरी कपडे चढवून बॉयलरच्या खोलीत पळायला गेला. परत आला तेव्हा त्याचं कपाळ कोरडं ठणठणीत होतं. थुंकीनेही वजन उतरतं म्हणून कोचने बाटलीत थुंकायला सांगितलं, तर थुंकीसुद्धा येईना. टोबी रडकुंडीला आला. "बस झालं रे, गॅरेट! मी नाही खेळत. तू खेळ माझ्या जागी."

"गप रे माकडा. डॅड आलेत ना बघायला."

तो चढला. माझी दांडी मधोमध तरंगली. "बसला वजनात!" कोच ओरडला. पोरांनी टाळ्या पिटल्या, बापाने टोपी हवेत उडवली. गॅरेट खाली उतरायला गेला आणि तसाच कोसळला. पुन्हा उठला नाही. काय सांगू मित्रांनो, मला पौंड कळतात, तहान कळत नाही.

पुढे नवा काटा आला. मला कोपऱ्यात सारून वर चादर टाकली. दांडीवरचं वजन गॅरेटच्या आकड्यावर तसंच राहिलं.

आमच्याकडे एक रीत आहे. खेळ कायमचा सोडताना, शेवटची कुस्ती झाली की गडी बूट काढून गादीच्या मधोमध ठेवतो आणि अनवाणी निघून जातो. सगळे उभे राहतात. गॅरेटला ती कुस्ती मिळालीच नाही. म्हणून हंगाम संपल्यावर टोबी आणि बाप त्याचे बूट घेऊन आले. टोबी गादीपर्यंत गेला, थबकला, मग मागे वळून त्याने माझी चादर काढली आणि बूट माझ्यावर ठेवले.

दांडी खालीच पडून राहिली. बापाने वजन मागे सरकवलं. अजून मागे. पार टोकाशी आणलं, तेव्हा कुठे ती जराशी हलली.

"एवढंच," तो म्हणाला, आणि खाली बसून ढसाढसा रडला.

मित्रांनो, खेळा, भरपूर खेळा. मला लाथा घाला, हवं तर भंगारात काढा. पण पोराचं तोंड कोरडं दिसलं, तर माझ्या दांडीकडे बघत बसू नका. आधी त्याला पाणी द्या.